रेखामावशी उलटी वाचा!

मागच्या अंकात एका कोपऱ्यात आम्ही सहज लिहिलं होतं की घरातल्या कुणाच्या नावात काही गंमत असेल, योगायोग असेल, तर कळवा. वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील. आली ढीगभर, आणि निम्म्या लोकांनी स्वतःच्या नावाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, सगळं सासरच्या माणसांबद्दल. असो. त्यातले काही प्रश्न घेतलेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापली नाहीयेत, कारण मावश्या हा अंक वाचतात.

प्रश्न : माझ्या मावशीचं नाव रेखा. आमचा भाचा नुकताच वाचायला शिकलाय, दिसेल ते उलटं वाचायचा नाद लागलाय त्याला, तर परवा त्याने मावशीचं नाव उलटं वाचलं आणि जोरात ओरडला "खा रे!" आता गंमत अशी की मावशीचं अख्खं आयुष्य हे एकच वाक्य बोलण्यात गेलंय, कुणीही घरात शिरला की पहिलं "खा रे". अशी अजून नावं आहेत का?

उत्तर : आहेत की, आणि एकदा नाद लागला की सुटत नाही, भाच्याला सांभाळा. रवी उलटा केला की वीर होतो. सदा उलटा केला की दास, म्हंजे सदाकाका घरात कायम सगळ्यांची कामं का करतात ते कळलं. मीना उलटी केली की नामी, राधाची धारा, सीमाची मासी (सीमाला भाचरं असतील तर तिथेच विषय संपला), आणि लताचा ताल. हे शेवटचं लता मंगेशकरांच्या बाबतीत इतकं चपखल बसतं की कुणी मुद्दाम ठेवलं असतं तरी एवढं जमलं नसतं, आणि गंमत म्हणजे त्यांचं जन्माच्या वेळचं नाव हेमा होतं, लता नंतर झालं. लीना नावाच्या वाचकांनी मात्र हा खेळ खेळू नये, एवढंच सांगते.

रजनी हे नाव सरळ उलटं होत नाही पण शेवटचं अक्षर उचलून पुढे ठेवलं की नीरज तयार. आईचं नाव रजनी आणि मुलाचं नीरज असं घर तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना विचारा हे माहितीये का, बहुतेकांना नसतं.

आणि या सगळ्यांचे आजोबा म्हणजे राम आणि मरा. वाल्या कोळ्याला राम म्हणता येईना म्हणून मरा मरा म्हणायला सांगितलं आणि म्हणता म्हणता त्याचा राम राम झाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय, फक्त तो शब्दखेळ आहे हे तेव्हा डोक्यात येत नाही.

उलटंसुलटं सारखंच राहणारी नावं पण आहेत : नयन, कनक, जलज, नवीन. इथे एक लक्षात ठेवायचं, आपल्याकडे उलटं करायचं ते अख्खं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणून "वी" हा एक तुकडा, त्याची वेलांटी सोडवून बाजूला ठेवायची नाही. रोमन लिपीत रेखा उलटी करायला गेलात तर काहीतरी खोकल्याच्या औषधाचं नाव निघतं. जोडाक्षरवाल्यांचे मात्र हाल आहेत, स्मिता उलटी करून बघा, तोंडाला व्यायाम होईल फक्त.

नात्यातले शब्द कधी असे तपासलेत का? काका, मामा, दादा, नाना, बाबा, सगळे उलटेसुलटे सारखेच. आणि आई, आजी, मावशी, आत्या, ताई, काकी, मामी यातली एकही तशी नाही, काही घरांतली जीजी सोडली तर. पुरुष कुठूनही वाचले तरी तेच असा अर्थ आमच्या ऑफिसातल्या एकीने काढला, तो आम्ही इथे फक्त नोंदवतोय.

भाचा मोठा झाला की त्याला वाक्यं द्या. "टेप आणा आपटे" आणि "रामाला भाला मारा" ही दोन अक्षरन् अक्षर बरोबर आहेत. "चिमा काय कामाची" पण सगळ्यांना पाठ असतं, फक्त त्यात सुरुवातीचा चि ऱ्हस्व आणि शेवटचा ची दीर्घ आहे, शुद्धलेखनवाल्या काकांसमोर म्हणू नका. आणि फारच पुढे गेला तर सोळाव्या शतकातल्या दैवज्ञ सूर्यकवींचं विलोमकाव्य दाखवा, संस्कृतात आहे, सरळ वाचलं की रामाची कथा आणि तोच श्लोक उलटा वाचला की कृष्णाची. त्यापुढे आपलं खा रे म्हणजे बालवर्ग आहे.

प्रश्न : आमच्या बाबांचं नाव दिनकर आणि त्यांनी नोकरीभर रात्रपाळी केली. आई म्हणते नावाचा परिणाम उलटा होतो. मोठ्या काकांचं नाव अशोक, ते प्रत्येक सिनेमात रडतात. आत्या शांता, तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. खरंच नावाचा असा काही परिणाम असतो का हो?

उत्तर : दिनकर म्हणजे सूर्य, आणि सूर्य रात्री घरी झोपलेला असतो असं कुणी सांगितलं, तो दुसऱ्या बाजूला ड्यूटीवरच असतो. बाबांचं नाव बरोबरच आहे.

बाकी नाव आणि काम जुळण्याला इंग्रजीत चक्क एक भारदस्त संज्ञा आहे, नॉमिनेटिव्ह डिटरमिनिझम. ती एका विज्ञान साप्ताहिकाच्या, न्यू सायंटिस्टच्या, गमतीच्या सदरात 1994 मधे रुजली. त्यांच्याकडे वाचकांनी उदाहरणं पाठवायला सुरुवात केली, त्यात ध्रुवप्रदेशावर पुस्तक लिहिणारे स्नोमन होते, आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे मूत्रविकारांवरच्या एका नियतकालिकात 1977 साली आलेला लेख, लेखक कोण तर स्प्लॅट आणि वीडन. ज्यांना इंग्रजीतलं "वी" म्हणजे काय ते माहितीये त्यांनी हसून घ्या, बाकीच्यांनी घरातल्या शाळकरी मुलाला विचारा.

त्याच्याही आधी कार्ल युंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याच्यावर लिहून ठेवलंय, तेही त्याच्या काळातल्या मानसशास्त्रज्ञांची आणि स्वतःचं नाव घेऊन. फ्रॉइड म्हणजे जर्मनमधे आनंद आणि तो सुखतत्त्वावर बोलायचा, आडलर म्हणजे गरुड आणि तो सत्तेच्या इच्छेवर, आणि युंग म्हणजे तरुण आणि हा स्वतः पुनर्जन्माच्या कल्पनेवर. मोठी माणसं पण फावल्या वेळात हेच करतात.

आता परिणाम असतो का. 2002 मधे अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की डेनिस नावाची माणसं डेंटिस्ट जास्त होतात, कारण आपल्या नावासारखं ऐकू येणारं माणसाला आवडतं. छान वाटलं सगळ्यांना. मग 2011 मधे युरी सायमनसन या संशोधकाने तोच आकड्यांचा ढीग पुन्हा उपसला तर दिसलं की डेनिस नावाचे वकीलसुद्धा तसेच जास्त आहेत, म्हंजे त्या पिढीत, त्या थरात ते नाव जास्त ठेवलं जात होतं इतकंच. दाताचा काही संबंध नाही.

आपल्याकडे तर योगायोग व्हायलाच हवेत, कारण आपली नावं बहुतेक चालू शब्द आहेत. अशोक म्हणजे शोक नसलेला, अजित म्हणजे न हरणारा, अपर्णा म्हणजे पानं नसलेली. आता अपर्णाची बाग हिरवीगार असली तरी आपण हसणार आणि उजाड असली तरी हसणार. दोन्हीकडून जोक तयार. आडनावांचं पण तेच, आगलावे अग्निशमन दलात, डोईफोडे मेंदूचे डॉक्टर, ढेकणे पेस्ट कंट्रोलमधे, पोटदुखे पोटाचे डॉक्टर, असा एखादा दिसला की आपण फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकतो, आणि जे शेकडो आगलावे शांतपणे बँकेत बसलेत त्यांचा फोटो कोण काढणार. (आणि डेंटिस्ट दातार बघून हसणाऱ्यांनो, दातार म्हणजे देणारा, त्याचा दाताशी संबंध नाही. काढणारा असता तर वेगळं.) कुलकर्णी, वैद्य, जोशी, पोतदार ही तर कामावरूनच पडलेली आडनावं, तिथे वैद्य डॉक्टर निघाला तर योगायोग कसला, तो तर मूळ पदावर परत गेला.

आत्यांच्या आवाजावर आमच्याकडे उपाय नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई सुमन आणि माझी आईही सुमन. शिवाय नवऱ्याच्या मावससासूबाईपण सुमन. लग्न ठरवताना सगळे म्हणाले केवढा योगायोग, ऋणानुबंध वगैरे. आता फोनवर "सुमन पडली" असा निरोप आला की मी कुठे धावायचं?

उत्तर : आधी ऋणानुबंधाचं बघू. नावांच्या लाटा असतात, एका काळात एक नाव घरोघरी जातं आणि मग गायब होतं. त्या पिढीत सुमन, कुसुम, मालती, शालिनी यांचा सुकाळ होता, तेव्हा दोन सुमन भेटल्या तर नवल नाही, एकाही बाजूला सुमन नसती तर नवल. योगायोग आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच स्वस्त असतो. वाढदिवसाचंच घ्या, तेवीस माणसं एका खोलीत असली तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वरच जाते, कारण तेवीस माणसांत जोड्या 253 होतात. तारखा तर 365 आहेत. एका पिढीची चालू नावं त्यापेक्षा किती कमी, आणि सगळ्यांच्या तोंडी तीच ती वीस-पंचवीस. मग दोन्हीकडचं गोत एकत्र आलं की जोड्या मोजत बसा.

शब्दखेळ म्हणून मात्र सुमन हे नाव वरच्या दर्जाचं आहे. सुमन म्हणजे फूल, आणि फोडून सु-मन केलं की चांगलं मन. शाळेत श्लेष अलंकार शिकवताना हाच शब्द घेतात, वासाची फुलं नसतील पण चांगल्या मनाने दिलीत असा काहीतरी अर्थ त्या ओळींचा, व्याकरणाचं पुस्तक काढून बघा. शब्द न फोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष आणि फोडून निघाले तर सभंग श्लेष. तुमच्याकडे आता तिसरा प्रकार झालाय, शब्द एक आणि अर्थ तीन, आणि तिन्ही अर्थ स्वतंत्रपणे रुसू शकतात.

धावायचं कुठे? फोन ज्याच्याकडून आलाय त्याची सुमन. फोनमधे आईचं नाव "आई" आणि सासूबाईंचं "आई सासरच्या" असं सेव्ह करा, आणि फोन टेबलावर उताणा ठेवू नका.

प्रश्न : मी खरे, होणारा नवरा खोटे. मला दोन्ही आडनावं लावायची आहेत. घरात सगळे नुसते हसतायत. लावू का?

उत्तर : लावाच. खरे-खोटे असं लिहिलं की निदान माणूस विसरणार नाही, आणि वकील झालात तर पाटी बघूनच अशील येतील. क्रम उलटा केलात, खोटे-खरे, तर अजून छान, शेवट गोड होतो.

दुर्गा खोटे माहेरच्या लाड. त्यांनी तुमच्यासारखी दोन्ही लावली असती तर काय झालं असतं ते मोठ्याने म्हणून बघा.

याच विषयावर अजून बऱ्याच जणींनी लिहिलंय. काळे-गोरे आता नेहमीचं झालं. तिखे-गोडबोले आवडलं, स्वभावात झालेली सुधारणा एका ओळीत. कोल्हे-लांडगे यांनी कुणाला घरी जेवायला बोलवताना पत्रिका छापू नये. आणि नवरे आडनावाच्या मुलीने विचारलंय की लग्न होईपर्यंत लोक "कुमारी नवरे" म्हणून हसतात, तिला रुक्मिणीची ओळ भेट : श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी. एक अक्षर तोडलं की अख्खं लग्न मोडतं, आणि हेपण व्याकरणाच्या पुस्तकातच मिळेल.

प्रश्न : बायकोचं नाव आशा. तिला स्टेशनवर पोचवून आलो की मी मित्रांना सांगतो "आशा सोडली". आधी सगळे हसायचे, हल्ली कुणीच हसत नाही. जोकमधे काय बिघाड आहे?

उत्तर : जोक जुना झालाय हा एक बिघाड, आणि दुसरा व्याकरणाचा, तो जास्त इंटरेस्टिंग आहे. मराठीत माणूस असला की मधे "ला" येतो. उमेद गेली तर "आशा सोडली", पण बायकोला पोचवलं तर "आशाला सोडलं". तुम्ही "ला" खाऊन टाकलात तिथेच ऐकणाऱ्याला कळलं की आता हा कोटी करणार, आणि कोटी होणार हे आधी कळलं की मेली.

बरं "ला" लावूनही चालत नाही, कारण शब्द असेल तर तो बदलतो आणि नाव असेल तर नाही. आशेला जागा, पण आशाला जागा. शोभेची वस्तू म्हणजे शोकेसमधली, शोभाची वस्तू म्हणजे शोभाची, हात लावू नका. पूजेचं ताट वेगळं, पूजाचं ताट वेगळं. प्रतिभेचा अभाव आणि प्रतिभाचा अभाव यात तर फारच फरक आहे, दुसऱ्यात ती फक्त बाहेर गेलेली असते. पुराणातल्या बायकांना मात्र आपण अजून शब्दासारखं चालवतो, रामाने सीतेला वनात पाठवलं असंच म्हणतो, पण शेजारची सीता असेल तर सीताला फोन लावतो.

म्हणजे विभक्ती लागली की मराठीत नावाची कोटी उघडी पडते. जिथे विभक्ती लागतच नाही तिथेच ती टिकते. आमच्या आवडीची अशी : मुलीचं नाव क्षमा, आणि मुलाकडचे दारात येऊन म्हणतात, "आम्ही क्षमा मागायला आलोय." इथे "क्षमाला" असं कुणी म्हटलं तर बिघडेल, पण मागणी घालताना तेवढं सैल बोललेलं चालतं. तुम्ही आशाबरोबर हाच प्रयोग करा, "अजून आशा आहे" म्हणा. ती घरात असताना.

प्रश्न : माझं नाव वर्षा आणि आडनाव कोरडे. मी नववीत आहे. काका, मामा, आत्येभाऊ सगळे प्रत्येक वेळी तोच जोक करतात आणि मग म्हणतात घरचेच आहोत ना. मला खरंच राग येतो. नाव बदलता येतं का?

उत्तर : येतं, पण थांब थोडी. राग येणं बरोबर आहे तुझं. आपल्या नावावरचा जोक प्रत्येकाला आपण नव्यानेच शोधला असं वाटतं, आणि ऐकणारीला तो पहिलीपासून पाठ असतो. काकांना हा अंक वाचायला दे : काका, तो जोक तिला माहीत आहे. तुमच्या आधी वर्गाने केलाय.

एक उपाय सांगते, फिलिपिन्समधे मनिलाचे आर्चबिशप होते, हाइमे सिन. सिन म्हणजे इंग्रजीत पाप. आणि 1976 मधे ते कार्डिनल झाले, म्हंजे कार्डिनल सिन, ज्याचा इंग्रजीत अर्थ होतो महापाप. एवढ्या मोठ्या धर्मगुरूचं असं नाव, लोक किती कुजबुजत असतील. तर हे गृहस्थ घरी आलेल्या पाहुण्यांचं स्वतःच स्वागत करायचे, या, पापाच्या घरात तुमचं स्वागत आहे. झालं, समोरच्याच्या हातात काही उरलंच नाही.

तर काका तोंड उघडायच्या आत तूच म्हण, "मी वर्षा कोरडे, हवामान खात्याचा अंदाज." पण मनात असेल तरच. हसायचं नसेल तर नको हसूस, सरळ सांग की आता पुरे. नाव तुझं आहे, त्यावरचा जोक करायचा की नाही हे तूच ठरवायचं, आणि घरचेच आहेत म्हणून तर त्यांना एवढं कळायला हवं.

प्रश्न : दादाचं नाव ग ने, वडलांचं प ने सुरू होतं. रजिस्टरमधे तो "ग. प." आडनाव. त्याला सगळे "गप" म्हणतात. आहे का यावर काही?

उत्तर : चांगली सोबत आहे त्याला. राम गणेश गडकरी यांची आद्याक्षरं रा. ग., म्हंजे राग, आणि माणूस विनोदी लेखनासाठी गाजला. व. पु. काळ्यांना लोक सरळ वपु म्हणायचे, संस्कृतात वपु म्हणजे शरीर. दादाला आद्याक्षरं नकोच असतील तर घरातलं दुसरं माणूस पकडून टोपणनाव घ्यायला सांगा, तीपण आपली जुनी रीत आहे : केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा, गडकरीच कवितेत गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा मोठा भाऊ, आणि शिरवाडकर कुसुमाग्रज, कुसुमचा मोठा भाऊ. तुम्ही त्याची धाकटी बहीण दिसताय. फुकटात अमर व्हाल.

प्रश्न : आम्हाला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. नावावरून पुढे कुणी चिडवू नये म्हणून काय काय तपासायचं?

उत्तर : चिडवणारे कशावरूनही चिडवतात, त्यामुळे शंभर टक्के खात्री विसरा. तरी आधी नाव आडनावाला जोडून एका दमात म्हणा, आशा मोडक, शीतल उन्हाळे, गौरी काळे असं काही होतंय का बघा. मग मधे वडलांचं नाव घालून म्हणा, मग नुसती आद्याक्षरं. मग उलटं वाचा. मग जिन्याखालून वर हाक मारल्यासारखं ओरडा, कारण प्रत्येक नावाचं शेवटी दोन अक्षरी काहीतरी होतंच आणि आयुष्यभर तेच चालतं. रोमन लिपीत लिहून ज्याला मराठी येत नाही अशा कुणाकडून वाचून घ्या, आपला साधा मनीष तिकडे मॅनिश होतो, म्हंजे साधारण पुरुषासारखा. आणि सगळ्यात शेवटी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला ते नाव सांगा आणि घड्याळ लावा. त्याला काही सुचलं नाही तर ठेवून टाका.

जुळी होणार असतील तर रजनी आणि नीरज. तीन अक्षरांचे तीन शिक्के करून घ्या, दोघांच्या वह्या भागतील.